‘ळ’शिवाय सोलापूर

सोलापूर जिल्ह्यात अकरा तालुके आहेत. त्यांतल्या करमाळा, माळशिरस, मंगळवेढा आणि मोहोळ या चार तालुक्यांच्या नावात ‘ळ’ येतो. स्पर्धा परीक्षेतही कोणी विचारणार नाही अशी ही माहिती आहे. तरी ती लक्षात ठेवावी. कारण हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरे ओळखायला संगणकाला शिकवायचे म्हटले की जो एक मोठा, फुकट आणि नामांकित अक्षरसंच हाताशी येतो, त्यात ‘ळ’ नाही.

२०१५ साली नेपाळमधल्या संशोधकांनी तो तयार केला. ३६ व्यंजने आणि १० अंक अशी ४६ खाती, प्रत्येक खात्यात २,००० चित्रे, एकूण ९२,०००. क्ष, त्र, ज्ञ या जोडाक्षरांनाही त्यात मानाची जागा आहे. नेपाळीला ‘ळ’ लागत नाही म्हणून तो नाही, त्यात त्या मंडळींचा काडीचाही दोष नाही. अडचण होते ती आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलाची. प्रकल्प सादर करायची तारीख उंबरठ्यावर आलेली असते. तो हा संच उतरवून घेतो, यंत्राला रात्रभर शिकवतो, सकाळी अचूकतेचा आकडा झकास येतो. मग तो कौतुकाने गावाकडचा एखादा कागद समोर धरतो. यंत्राच्या जगात ‘ळ’ नावाची वस्तूच नाही, आणि ‘हे मला माहीत नाही’ असे म्हणायची त्याला मुभाही नाही. प्रत्येक आकृती त्या ४६ खात्यांपैकी एकात टाकायचीच, असा त्याला हुकूम असतो. सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंब या गावाच्या शेजारी अरण आहे, संत सावता माळी यांचे गाव. ज्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो त्या सावतोबांचे आडनाव हे यंत्र कधी ‘माठी’ सांगेल, कधी ‘माछी’, आणि दोन्ही वेळा सारख्याच आत्मविश्वासाने.

अक्षरे कोणाकडून लिहून घ्यायची, हा प्रश्न अमेरिकेलाही पडला होता. तिथल्या राष्ट्रीय मानक संस्थेने हस्तलिखित अंक दोन ठिकाणांहून गोळा केले होते, जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून आणि शाळकरी मुलांकडून. कर्मचाऱ्यांचे अंक नीटनेटके निघाले, मुलांचे मुलांसारखे. एकाच्या अक्षरावर शिकून दुसऱ्याच्या अक्षरावर परीक्षा दिली तर निकालावर भरवसा कसा ठेवायचा? म्हणून दोन्ही निम्मे निम्मे मिसळून ७०,००० अंकांचा ‘एमनिस्ट’ हा संच झाला. आजही नवशिक्या यंत्रांची पहिली इयत्ता तोच आहे. आपल्याकडे हाच प्रयोग केला तर निकाल उलटा लागायची शक्यता दाट. सुंदर हस्ताक्षर स्पर्धेच्या धाकाने मुलांचे अक्षर सातवीपर्यंत तरी शाबूत असते. खात्यातले अक्षर मात्र नोकरी वाढेल तसे आडवे होत जाते, आणि निवृत्तीच्या सुमाराला त्याची एक सरळ रेघ उरते.

हाताच्या अक्षराचे सोडा, छापील नावाचीही कथा तीच. आता मोडनिंबच घ्या. माढा तालुक्यातले, पुणे–सोलापूर महामार्गावरचे गाव. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९०६ पासून कुर्डुवाडीहून इथे थांबून पंढरपूरला जायची, आता तिथे रुंद रूळ आहेत. गावाचे नाव माणसाला वाचायला चार अक्षरांचे आहे, मो-ड-निं-ब. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात साठवायला मात्र त्याला सात खुणा लागतात. ‘म’ वेगळा, त्याचा ओकार वेगळा, ‘ड’, ‘न’, पहिली वेलांटी, अनुस्वार आणि ‘ब’. त्यातही वेलांटीची गंमत अशी की कागदावर ती ‘न’च्या आधी उभी दिसते आणि संगणकाच्या पोटात ‘न’च्या नंतर बसते. म्हणजे यंत्राला जे आधी दिसले ते त्याने मागून सांगायचे. शेजारी मंडळीही संशयास्पद. ‘ड’च्या बाजूला ‘ङ’ आणि ‘इ’ उभे असतात. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ पुसट छापली गेली की तो ‘व’ होतो. ‘म’च्या डोक्यावरची रेघ डावीकडे जरा तुटली की ‘भ’ असल्याचा वहीम येतो. मोडनिंबचे तिकीट काढलेला प्रवासी अशा रीतीने मोडनिंव, मोइनिंब, भोडनिंब किंवा अगदीच नशीब फिरले तर भोङनिंव इथे उतरतो.

अक्षरे ओळखण्याच्या या कामात खूप वापरले जाणारे मोफत सॉफ्टवेअर म्हणजे ‘टेसरॅक्ट’. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८५ ते १९९४ या काळात ते घडले, २००५ साली सर्वांसाठी खुले झाले आणि २००६ पासून गुगलने त्याचा सांभाळ केला. सुरुवातीला त्याला फक्त इंग्रजी येत असे. मराठीसाठीच्या त्याच्या फाइलचे नाव भाषेच्या आंतरराष्ट्रीय तीन अक्षरी खुणेवरून ‘मार’ असे पडले आहे. ती फाइल तयार करताना जे काही सोसावे लागते ते पाहता नाव चपखल आहे.

जुन्या पद्धतीत प्रत्येक अक्षराभोवती चौकट आखावी लागे. एक ओळ, एक अक्षर. आधी अक्षर लिहायचे, मग चौकटीची डावी, खालची, उजवी आणि वरची कड, शेवटी पानाचा क्रमांक. मोजमाप पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून. मराठी माणूस पान वरून खाली वाचतो, ही बातमी त्या कोपऱ्यापर्यंत पोचलेली नव्हती. इंग्रजीत हे काम कंटाळवाणे असले तरी शक्य कोटीतले होते, कारण तिथे छापील अक्षरे सुटी उभी असतात. देवनागरीत शिरोरेषेने सगळी एकमेकांना जोडलेली, बार्शी लाइटच्या डब्यांसारखी. एकाला धक्का दिला की मागचे सगळे हलतात. यंत्राला ‘कुर्डुवाडी’ हा एकच लांबलचक प्राणी दिसतो, ज्याला वर एक शेपूट, खाली एक शेपूट आणि पाठीवर दोन-तीन वाकड्या कमानी आहेत.

यावर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी बंगाली-देवनागरी वाचणारी पद्धत १९९७ साली मांडली. ती ऐकायला अगदी सोपी आहे. शब्दाच्या ज्या आडव्या पट्टीत काळे ठिपके सर्वांत जास्त, ती शिरोरेषा; ती बाजूला काढा, अक्षरे सुटी होतात. होतात खरी. पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला निम्मा फरक त्या रेषेतच असतो, एकाची सलग आणि दुसऱ्याची तुटकी. रेषा गेली की ओळखपत्रही गेले. मग ‘घर बांधले’चे ‘धर बांधले’ होते आणि बाजारात ‘भाव’ पडायच्या ऐवजी ‘माव’ पडतो. शेतकऱ्याच्या खिशाला दोन्ही सारखेच.

२०१८ साली टेसरॅक्टची चौथी आवृत्ती आली आणि चौकटींचा जाच संपला. ती अक्षर न तोडता अख्खी ओळ वाचते. ओळीचे चित्र द्यायचे, शेजारी तीच ओळ टाइप करून द्यायची, बाकीचे तिचे ती शिकते. आता इतके सोपे झाल्यावर कोणीही करील, असे वाटून पुष्कळांनी सुरुवात केली आणि त्यांना कळले की आपल्याला ओळ टाइपच करता येत नाही. यंत्र टाइप केलेला मजकूर आधी तपासते. व्यंजनाशिवाय एखादी वेलांटी एकटी सापडली की ते अख्खी ओळ नाकारते आणि त्या वेलांटीचा युनिकोड क्रमांक छापून मोकळे होते. हजार ओळींच्या मजकुरात कुठे तरी, जागा सोडताना चुकून बटण दाबले गेल्यामुळे, एक वेलांटी आपल्या व्यंजनापासून दुरावलेली असते. तिला शोधण्यात दुपार जाते. डोळ्यांना ती दिसतही नाही, कारण स्क्रीनवर ती शेजारच्या शब्दाला बिलगून उभी असते.

शिकवायला मजकूर कोणता द्यायचा याविषयी टेसरॅक्टच्या जुन्या मार्गदर्शिकेत चांगला सल्ला होता. नेहमीच्या अक्षराचे निदान २० नमुने हवेत, दुर्मिळ अक्षराचे १० असले तर उत्तम, ५ चालतील. आणि विरामचिन्हे सगळी एका कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका, ती वाक्यात जशी येतात तशी पेरा. त्यासाठी तिथे त्या प्रसिद्ध चपळ कोल्ह्याच्या इंग्रजी वाक्यात कंस, टक्के आणि डॉलर खुपसून दाखवले होते. मोडनिंबला हे वाक्य करायचे तर ते साधारण असे होईल: ‘मोडनिंबच्या (जुन्या) आडतीवर “भगवा” डाळिंबाचे १२.५ किलोचे क्रेट ₹१,३४५/- ला गेले. मग शेतकऱ्याने [मागची] उधारी फेडली? छे!’ यात जवळजवळ सगळी विरामचिन्हे आली आणि वस्तुस्थितीही आली.

दुर्मिळ अक्षरांचे प्रकरण निराळे. ‘ङ’चे दहा नमुने हवेत. आता मराठीत ‘ङ’ राहतो कुठे? ‘वाङ्मय’, ‘पराङ्मुख’ अशा मोजक्या घरांत. म्हणजे सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या लागवडीवरचा मजकूर लिहिताना मध्येच दहा वेळा वाङ्मयाकडे वळावे लागते. ‘ञ’साठी ‘याच्ञा’ करावी लागते, ‘ऌ’च्या खुणेसाठी ‘कॢप्ती’ लढवावी लागते. उलट ‘ढ’ मात्र इथे उदंड. कोणताही कागद उचला, तळाला ‘ता. माढा, जि. सोलापूर’ असतेच. त्यात पंढरपूर आणि मंगळवेढा मिळाले की ‘ढ’ची चंगळ. अशा कागदांवर शिकलेल्या यंत्राची समजूत होते की मराठीत ‘ढ’ सर्वत्र असतात. शाळेतल्या मास्तरांचीही होती, पण ती वेगळ्या कारणाने.

बाराखडीचाही एकदा हिशेब मांडावा. ‘ळ’ धरून ३४ व्यंजने गुणिले १२ म्हणजे ४०८ अक्षरे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून चौदाखडी केली तर ४७६. अजून एकही जोडाक्षर आलेले नाही. इंग्रजीवाल्यांची लहान-मोठी मिळून ५२ अक्षरे होतात आणि त्यांचे काम दुपारच्या चहापर्यंत संपते. पूर्वी छापखान्यात हाच प्रश्न खिळ्यांच्या रूपाने होता. शेकडो खिळ्यांच्या पेट्यांपुढे जुळारी उभा असे आणि लोकमान्य टिळकांसारख्या माणसानेही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या कमी करण्यात डोके घातले होते. खिळे गेले, पेट्या गेल्या, संख्या तेवढीच राहिली.

त्यात ‘र’ हा बहुरूपी. साधा ‘र’ एक. ‘बार्शी’, ‘टेंभुर्णी’, ‘कुर्डुवाडी’ यांच्या डोक्यावर बसतो तो रफार. ‘क्रेट’मधल्या ‘क’च्या पोटात शिरतो तो तिसरा, ‘ट्रक’च्या ‘ट’खाली छत्री उघडतो तो चौथा. पाचवा ‘शेतकऱ्या’तला आडवा पापणीसारखा ‘र’, आणि सगळे रामायण त्याच्यामुळे. हा ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकात ‘र’खाली नुक्ता असलेले वेगळे अक्षर वापरायचे, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. दोन्ही मान्य, दोन्ही छापल्यावर तंतोतंत सारखे. यंत्राला एकच चित्र दाखवून एकदा एक उत्तर बरोबर सांगायचे आणि दुसऱ्यांदा दुसरे, मग ते गोंधळले की त्याला मठ्ठ म्हणायचे. तिसरी तऱ्हा घाईत टाइप करणाऱ्यांची. ते जोडचिन्ह विसरतात आणि ‘शेतकर्यांना’ लिहून मोकळे होतात. मराठी बातम्यांत सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या शब्दांपैकी हा एक, आणि संगणकात तो तीन प्रकारचा. कर्जमाफीच्या याद्यांत तो सापडला नाही, तर दर वेळी सरकारचाच दोष असतो असे नाही.

सोलापूर भागातल्या ‘ॲपल बोरा’चीही तीच कथा. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी आणि त्यानंतरही लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवत आले. काही जण ‘ऍ’ वापरतात. बोर एक, पेटी एक, भाव एक, आणि नाव तीन संकेतांत.

‘ल’ आणि ‘श’ तर थेट सीमावादाचा विषय. मराठी वळणाचा ‘ल’ दोन पाकळ्यांचा, हिंदी वळणाचा दांडीचा. ‘श’चेही वळण दोन्हीकडे निराळे. युनिकोडच्या हिशेबी दोघे एकच, फरक केवळ फाँटचा. शिकवण्यासाठी चित्रे तयार करताना संगणकात असतील ते फाँट वापरले जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांत ‘ल’ दांडीचाच असतो. त्यामुळे हजारो चित्रे पाहिलेले यंत्र जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात छापलेल्या पुस्तकातला पाकळीचा ‘ल’ बघून थबकते. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे यांविषयी शासन निर्णय काढला, २०२२ साली पुन्हा काढला. यंत्राने दोन्ही वाचलेले नाहीत, कारण बहुधा ते स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असावेत.

कागद स्वच्छ करण्याच्या पायरीवर मोडनिंबचा घात ठरलेला असतो. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये धुळीचे ठिपके पुसायचे एक बटण असते. ते इंग्रजी कागदावर चांगले काम करते. मराठी कागदावर ते चांगले काम करते आणि सगळे अनुस्वारही पुसते. ‘मोडनिंब’चे ‘मोडनिब’ होते, ‘पंढरपूर’चे ‘पढरपूर’. बटण दाबले नाही तर उलट संकट: चहाचा थेंब अनुस्वार होतो, माशीने सोडलेली खूण नुक्ता होते आणि ‘डाळ’ची ‘डांळ’ शिजते. विसर्गाचेही तसेच. ‘दिनांक’पुढे छापलेले दोन ठिपके विसर्ग समजून यंत्र तारखेला संस्कृतचा उच्चार देते. आणि ‘रव’ हा जोडीने दिसला की तो ‘ख’ असावा, असे एकदा शिकवले की ‘गौरव समारंभ’ हा ‘गौख समारंभ’ होतो. सत्कारमूर्तींना फार फरक पडत नाही, शाल मिळते.

सगळ्यांत कठीण काम मात्र माणसांचे आहे. चित्रात जे आहे तेच टाइप करायचे, हा या धंद्यातला पहिला नियम. निवृत्त मराठी शिक्षक या कामाला सर्वांत योग्य, असे कोणालाही वाटेल. आणि तिथेच फसगत होते. समोर वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो येतो: ‘हार्दीक शुभेच्छा’. खाली लग्नपत्रिका: ‘आशिर्वाद’. गुरुजींचा हात आपोआप ‘हार्दिक’ आणि ‘आशीर्वाद’ टाइप करतो. डीटीपीवाला मुलगा कळवळून सांगतो, “गुरुजी, कागदावर आहे तसंच टाका.”

“अरे, पण चूक आहे ती.”

“चूकच हवी आहे, गुरुजी.”

“जन्मभर ऱ्हस्व-दीर्घाला लाल शाई लावली, आता मोबदला घेऊन चुका करू?”

मुद्दा गुरुजींचा नैतिक आहे आणि मुलाचा तांत्रिक. चित्रात दीर्घ वेलांटी आणि उत्तरात ऱ्हस्व, असे शंभर वेळा दाखवले की यंत्र दोन्ही वेलांट्यांत फरक करणे सोडून देते. मग कोणी शुद्ध लिहिले काय अन् अशुद्ध काय, ते आपल्या मनाने ठरवते. महाराष्ट्रात हे कौशल्य यंत्राला वेगळे शिकवायची गरज नव्हती.

त्या डीटीपीवाल्या मुलाच्या दुकानातही एक विनोद रोज घडतो, फक्त हसत कोणी नाही. त्याच्या संगणकात लग्नपत्रिका, उद्घाटने, दशक्रिया विधी आणि अभिनंदनाचे फलक असा गावाचा सामाजिक इतिहास साठलेला असतो, तोही टाइप केलेला. म्हणजे अक्षरसंचासाठी सोन्याची खाण. पण ते सगळे युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये, ज्यात इंग्रजी बटणांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की वधू-वरांच्या नावांच्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांची मिसळ दिसते. म्हणून जो मजकूर संगणकातच आहे तो आधी कागदावर छापायचा, मग कागद स्कॅन करायचा आणि मग अक्षरे ओळखणाऱ्या यंत्राला देऊन परत संगणकात आणायचा, हाच बरेचदा जवळचा मार्ग ठरतो. फाँट बदलून देणारी साधने आहेत, पण त्यांच्या तडाख्यातून नेमके रफार आणि वेलांट्या जायबंदी होऊन बाहेर पडतात.

बाजाराच्या हिशोबपट्टीची तर स्वतंत्र लिपी आहे. कार्बनची तिसरी प्रत, जांभळट, त्यावर रबरी शिक्का आणि शिक्क्यावर सही. ‘हमाली’, ‘तोलाई’, ‘भाडे’ हे शब्द छापील असतात, म्हणून तरतात. आकडे हाताचे. मराठी १ आणि ९ यांच्यातले अंतर लिहिणाऱ्याच्या घाईवर अवलंबून असते. शेतकरी मात्र पट्टी उजेडाला धरून एका दृष्टिक्षेपात ते ओळखतो. त्याचा अनुभव यंत्राला देता आला असता तर निम्मे काम झाले असते.

जाहिरातीत नव्याण्णव टक्के अचूकता लिहिलेली असते. २,००० अक्षरांच्या पानावर ती म्हणजे २० चुका. कादंबरीत त्या खपतात. सातबाऱ्यावर ‘मोडनिंब’चा अनुस्वार गेला तर सातांतली एकच खूण चुकली, यंत्राला सहा गुण मिळाले, पण गाव शंभर टक्के चुकले. राज्यात १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, जुने फेरफारही स्कॅन होऊन संकेतस्थळावर आले. पण स्कॅन म्हणजे चित्र, त्यात नाव शोधता येत नाही. ते शोधता यावे म्हणून अक्षरओळख हवी, आणि ती चुकली तर दुरुस्तीसाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधले कलम १५५ आहेच. लेखनप्रमादासाठी ते केलेले आहे. त्यासाठी माढ्याला किती हेलपाटे घालावे लागतात हे कलमात लिहिलेले नाही.

फार जुने कागद तर मोडी लिपीत. मोडीला युनिकोडमध्ये जागा २०१४ साली मिळाली. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती फारसा पाळत नाही, त्यामुळे निदान गुरुजींचा प्रश्न सुटतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी सोन्याचा भाव आला. तिथे यंत्र नव्हे, चष्मा लावलेली माणसेच कामाला आली. शिकवायला लागणारा मोडीचा अक्षरसंच त्याच दप्तरांत आहे, पण तो वाचणारा माणूस आधी लागतो.

म्हणून ‘आम्ही मराठी वाचतो’ असे सांगत येणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा मराठी कवितेवर घेऊ नये. तिथे यंत्र काही बोलले तरी आधुनिक वाटते. त्याच्यापुढे सोलापूर जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची यादी धरावी. उत्तर सोलापूरचा ‘त्त’, दक्षिण सोलापूरचा ‘क्ष’, अक्कलकोटचा ‘क्क’, बार्शीचा रफार, सांगोल्याचा ‘ल’, ‘ढ’ तीनदा, ‘ळ’ चारदा. त्याखाली ‘शेतकऱ्यांचे ॲपल बोर’ आणि ‘मोडनिंब’. एवढ्यावर जे पास होईल ते विकत घ्यावे.

आणि असे सॉफ्टवेअर व्हावे असे वाटत असेल तर वाचकांनी थोडे कष्ट घ्यावेत. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका, पट्ट्या, पंचांगे आणि शाळेची हस्तलिखिते रद्दीत घालू नयेत. कागद सरळ ठेवून ३०० डीपीआयवर स्कॅन करावेत, ठिपके पुसायचे बटण बंद ठेवावे, लोकांची नावे, गट नंबर आणि मोबाइल नंबर झाकावेत. सोबत मजकूर टाइप करून द्यावा, आणि कागदावर ‘हार्दीक’ असेल तर कृपया ‘हार्दीक’च टाइप करावे.